तळघरात सापडलेला सामना

दसरा उलटला की आमच्या घरात माळ्याला शिडी लागते. वर्षभर ज्या वस्तूंची कुणाला आठवण झालेली नसते त्या सगळ्या त्या दिवशी अंगणात येऊन पडतात. कळकटलेला तांब्याचा बंब, मोडका पाळणा, कसरीने खाल्लेली पंचांगे, कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोंचे फाटके पाकीट. मग 'ठेवायचे की टाकायचे' हा दरवर्षीचा वाद सुरू होतो. वडीलधाऱ्यांचा कल ठेवण्याकडे, तरुणांचा टाकण्याकडे. आणि दोघांचे एकमत होईपर्यंत रद्दीवाला दारात येऊन उभा राहिलेला असतो. यंदा हा वाद ऐकता ऐकता मला सातासमुद्रांपलीकडच्या एका तळघराची गोष्ट आठवली. ती वाचकांना सांगावी म्हणून हा लेख.

डिसेंबर २००९ ची गोष्ट. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांती हिल्सबरो म्हणून गाव आहे. तेथे बिंग क्रॉस्बी या प्रख्यात गायक-नटाचे घर होते. क्रॉस्बी १९७७ सालीच वारला होता. त्याच्या जुन्या टेलिव्हिजन कार्यक्रमांच्या फिल्मी जमविण्याचे काम चालले होते आणि त्यासाठी घराचे तळघर धुंडाळले जात होते. हे तळघर मुळात मद्याच्या बाटल्या ठेवण्यासाठी बांधलेले, म्हणून थंड आणि कोरडे. गाण्यांच्या फिल्मी शोधता शोधता हाती काही डबे लागले. त्यांवर १९६० सालच्या 'वर्ल्ड सिरीज'चे नाव होते. एकामागून एक अशी पाच रिळे निघाली. ती लावून पाहिली, तेव्हा बेसबॉलचा एक संपूर्ण सामना पहिल्या चेंडूपासून अखेरच्या चेंडूपर्यंत पडद्यावर उभा राहिला. हा सामना कायमचा नाहीसा झाला, असे सगळे जग एकोणपन्नास वर्षे समजून होते!

आता हा सामना एवढा मोलाचा का, हे समजण्यासाठी थोडा बेसबॉल समजून घेतला पाहिजे. क्रिकेट जाणणाऱ्याला त्यासाठी अर्धी घटकाही लागणार नाही. मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार ठाणी. त्यांना 'बेस' म्हणतात. एका कोपऱ्यात फलंदाज उभा राहतो, ते त्याचे 'घर'. पिचर चेंडू फेकतो, फलंदाज गोल दांडक्याने तो टोलवतो आणि पहिल्या ठाण्याकडे धाव ठोकतो. साऱ्या ठाण्यांवरून फिरून जो सुखरूप घरी येतो त्याची एक धाव. तीन गडी बाद झाले की पाळी संपली. दोन्ही संघांना अशा नऊ-नऊ पाळ्या. फलंदाजाने चेंडू सरळ कुंपणापलीकडे भिरकावला, तर तो स्वतः आणि त्या वेळी ठाण्यांवर अडकलेले त्याचे सारे सोबती आरामात घरी येतात. हा 'होम रन'. आणि 'वर्ल्ड सिरीज' म्हणजे वर्षाच्या अखेरीची विश्वमालिका. नाव विश्वाचे, पण १९६० साली खेळणारे दोन्ही संघ अमेरिकेचेच! सातांपैकी चार सामने जो जिंकेल तो विजयी.

त्या वर्षी एका बाजूला न्यूयॉर्कचा 'यांकीज' हा संघ होता. तोवर अठरा वेळा विश्वमालिका जिंकलेला, पैशाने आणि कीर्तीने गब्बर. दुसऱ्या बाजूला पोलादाच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पिट्सबर्ग शहराचा 'पायरेट्स' संघ. त्यांनी १९२५ नंतर विश्वमालिका जिंकलेली नव्हती. पहिल्या सहा सामन्यांत जे घडले ते मोठे मौजेचे. यांकीजनी तीन सामने जिंकले ते १६-३, १०-० आणि १२-० असे. पिट्सबर्गनेही तीन जिंकले, पण ६-४, ३-२ आणि ५-२ असे, जेमतेम. धावांची बेरीज करणाऱ्याला यांकीज कितीतरी पुढे दिसावेत, आणि सामन्यांची बेरीज करणाऱ्याला दोघे बरोबरीत. शेवटचा, सातवा सामना १३ ऑक्टोबर १९६० रोजी दुपारी पिट्सबर्गच्या फोर्ब्झ फील्ड मैदानावर झाला. छत्तीस हजारांवर प्रेक्षक जमले होते.

पिट्सबर्गने पहिल्या दोन पाळ्यांत चार धावा करून घेतल्या. यांकीजनी सहाव्या पाळीत त्यांना मागे टाकले आणि आठव्या पाळीत ७-४ अशी आघाडी घेतली. पिट्सबर्गची आठवी पाळी सुरू झाली तेव्हा पुष्कळांनी आशा सोडली असेल. परंतु त्या पाळीत जमिनीने साथ दिली. फोर्ब्झ फील्डचे मैदान टणक म्हणून प्रसिद्ध होते. बिल व्हर्डनने टोलवलेला साधा जमिनीलगतचा चेंडू एकाएकी उसळला आणि यांकीजच्या टोनी क्यूबेकच्या गळ्यावर आदळला. क्यूबेक कोसळला, जेथे दोन गडी बाद व्हायचे तेथे दोन्ही सुखरूप राहिले. पुढे दोन गडी बाद झाल्यावर रॉबर्टो क्लेमेंटे या प्वेर्तो रिकोच्या तरुणाने चेंडू नुसता हळूच ढकलला आणि पहिल्या ठाण्याकडे अशी धाव घेतली की यांकीजचा पिचर ठाणे राखायला पोचलाच नाही. धावसंख्या झाली ७-६. आणि मग हॅल स्मिथ नावाचा राखीव यष्टिरक्षक फलंदाजीला आला. तो त्याच पाळीत मैदानावर उतरला होता. त्याने चेंडू डावीकडच्या भिंतीपलीकडे फेकला. एका फटक्यात तीन धावा! पिट्सबर्ग ९, यांकीज ७.

सामना येथेच संपता, तर पिट्सबर्गमध्ये हॅल स्मिथचा पुतळा उभा राहिला असता. पण यांकीजची नववी पाळी उरली होती. त्यांनी दोन धावा काढून बरोबरी केली. नऊ-नऊ. पिट्सबर्गच्या नवव्या पाळीत पहिलाच फलंदाज आला बिल माझेरोस्की. हा खाणकामगाराचा मुलगा. क्षेत्ररक्षणासाठी नावाजलेला, फलंदाजीसाठी नव्हे. राल्फ टेरीचा पहिला चेंडू त्याने सोडून दिला. दुसरा डाव्या भिंतीवरून बाहेर गेला. घड्याळात तीन वाजून छत्तीस मिनिटे झाली होती. पिट्सबर्ग १०, यांकीज ९. डोक्यावरची टोपी हातात घेऊन, हात गरगर फिरवीत धावणारा माझेरोस्की आणि त्याच्यामागे मैदानात घुसलेली पोरे, हे चित्र अमेरिकेतल्या घराघरांत पोचले. विश्वमालिकेच्या सातव्या सामन्याचा निकाल शेवटच्या चेंडूवर होम रनने लागला, तो आजवर तेवढा एकदाच.

आता प्रश्न असा की, लाखो लोकांनी टेलिव्हिजनवर पाहिलेला हा सामना नाहीसा कसा झाला? उत्तर फार साधे आहे. तो ठेवावा असे कुणाला वाटले नाही. त्या काळी कार्यक्रम टिपण्याची जुनी रीत अशी होती की टेलिव्हिजनच्या काचेसमोर फिल्मचा कॅमेरा लावायचा आणि काचेवर जे दिसेल त्याचे चित्रण करायचे. यालाच 'किनेस्कोप' म्हणत. १९५६ साली चित्रफितीचे यंत्र निघाले, परंतु फीत महाग; म्हणून एक कार्यक्रम पुसून तिच्यावरच दुसरा उतरवीत. लोकांच्या घरी चित्रफीत लावण्याची यंत्रे नव्हती. एकदा झालेला सामना पुन्हा कोण पाहणार, असा हिशेब होता. फिल्मींच्या डब्यांनी जागा अडते म्हणून ते डबेही गेले. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. माळा रिकामा करणाऱ्याचा जेवढा दोष, तेवढाच त्यांचा.

हे लिहिताना मला माझाच एक अपराध कबूल केला पाहिजे. मी पाचवीत असताना मुंबईच्या काकांनी एक टेपरेकॉर्डर आणला होता आणि आमच्या आजीला जात्याशी बसवून तिच्या ओव्या एका कॅसेटवर उतरवून घेतल्या होत्या. काका परत गेले. यंत्र आणि कॅसेट घरी राहिली. पुढे एका रविवारी रेडिओवर क्रिकेटचे धावते वर्णन लागले होते. मला ते उतरवून घ्यायची हुक्की आली. हाताशी दुसरी कॅसेट नव्हती. आजी ओसरीवर तांदूळ निवडीत बसलेली होती; ती हवी तेव्हा गाणारच, असे मला वाटले. मी बटण दाबले. आजीला जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. तो सामना कोणता होता, कोण जिंकले, यातले आज मला काहीही आठवत नाही.

क्रॉस्बीने मात्र हा सामना जपला, आणि तो कसा जपला याची कथा ऐकण्यासारखी आहे. क्रॉस्बी १९४६ पासून पिट्सबर्ग संघाचा एक भागीदार होता. आपण डोळ्यांनी सामना पाहिला तर आपल्या संघाला दृष्ट लागेल, अशी त्याची समजूत! आपल्याकडे भारताची फलंदाजी चालू असता जागेवरून न हलणारे भाविक आहेत. हा त्यांचाच भाऊबंद. मन घट्ट करून तो पत्नीसह पॅरिसला निघून गेला आणि तेथे रेडिओवर सामना ऐकला. पण जिंकलोच तर नंतर पाहता यावा, म्हणून जाण्यापूर्वी त्याने पदरचे पैसे देऊन सामन्याचा किनेस्कोप करून घेण्याची व्यवस्था केली. आणखी नवल असे की याच माणसाने ध्वनिफितीचे यंत्र बनविणाऱ्या अ‍ॅम्पेक्स कंपनीला तिच्या पडत्या काळात पैसा पुरविला होता, आणि चित्रफितीचे पहिले यशस्वी यंत्र पुढे त्याच कंपनीने काढले. ज्या फितीवर काळ पुसला जात होता तिच्या जन्माला त्याने हातभार लावला. आणि त्याच्या घरी काळ जपून ठेवला तो जुन्या पद्धतीच्या फिल्मने.

बेसबॉलच्या इतिहासात असे योगायोग आणखी आहेत. १९५६ च्या विश्वमालिकेत डॉन लार्सनने सत्तावीस फलंदाज ओळीने बाद केले, एकालाही पहिल्या ठाण्यावर पोचू दिले नाही. त्या सामन्याचा किनेस्कोप एका संग्राहकाच्या हाती लागला. पहिली पाळी तेवढी हरवलेली. बाकीचा सामना १ जानेवारी २००९ रोजी अमेरिकेत पुन्हा दाखविला गेला. त्याहून गोड हकीकत १९५१ ची. बॉबी थॉमसनच्या होम रनने न्यूयॉर्कच्या जायंट्स संघाने ब्रुकलिनला हरविले, तेव्हा रस हॉजेस या निवेदकाने रेडिओवर बेभान होऊन केलेला जयघोष आजही अमेरिकेत ऐकवला जातो. तो उरला कसा? एका तरुण श्रोत्याला सामना संपण्यापूर्वी कामावर जायचे होते. जाताना त्याने आईला सांगून ठेवले की अखेरच्या पाळीला एवढे यंत्र सुरू कर. त्या माउलीने आठवणीने बटण दाबले. बटण तेच, मी दाबले त्याने एक आवाज गेला, तिने दाबले त्याने एक आवाज राहिला.

पिट्सबर्गचा सामना सापडला, त्याने काय साधले? निकाल सगळ्यांना ठाऊकच होता. नोव्हेंबर २०१० मध्ये पिट्सबर्गच्या एका नाट्यगृहात तो जाहीरपणे दाखविला गेला. त्या दिवशी खेळलेले काही वृद्ध खेळाडूही प्रेक्षकांत होते. पुढच्या महिन्यात तो टेलिव्हिजनवर आला. आज तो कुणालाही पाहता येतो. मीही आमच्या पुतण्याच्या संगणकावर दोन रात्री बसून पाहिला. चित्र करडे, कॅमेरे मोजके, फटका हुकला तर तो पुन्हा दाखविण्याची रीत तेव्हा रूढ झालेली नव्हती. निवेदक मेल अ‍ॅलन आणि बॉब प्रिन्स फार बोलत नाहीत. प्रिन्सची तर गंमतच आहे. सामना संपताच विजेत्यांच्या मुलाखती घेण्यासाठी तो आधीच खाली निघाला होता, त्यामुळे जो फटका सगळ्या अमेरिकेने पाहिला तो त्याने पाहिलाच नाही. आणि समोर आलेल्या माझेरोस्कीला चार शब्द विचारून त्याने वाटेला लावले!

पण मला त्या दोन रात्रींत खरा भेटला तो हॅल स्मिथ. पन्नास वर्षे लोक या सामन्याचा शेवटचा एक तुकडा पाहत होते.  त्या तुकड्यात माझेरोस्की आहे, टोपी आहे, गर्दी आहे, स्मिथ नाही. सबंध सामना पाहताना मात्र ध्यानात येते की, आठव्या पाळीतला तो फटका नसता तर माझेरोस्कीच्या फटक्याला काही अर्थच उरला नसता. जिवाच्या आकांताने पहिल्या ठाण्याकडे धावणारा सव्वीस वर्षांचा क्लेमेंटे नसता, तर स्मिथला पाळीच मिळाली नसती. बारा वर्षांनी, १९७२ च्या अखेरच्या रात्री, निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना हाच क्लेमेंटे विमान-अपघातात गेला. तो पुढे थोर खेळाडू म्हणून गाजला. पण त्या पाळीत त्याने नुसती एक कुचकामी टोल्याची धाव वाया जाऊ दिली नाही, हे त्या फिल्मशिवाय कुणाला उमगले असते? आणि ज्याच्या गळ्यावर चेंडू बसला तो क्यूबेक! हरलेल्या संघाचा माणूस. त्याची काही चूक नव्हती. देवळाचा कळस लांबून दिसतो. पायाचा दगड पाहायचा तर जवळ जाऊन वाकावे लागते. स्मिथ २०२० साली वारला. आपला फटका पुन्हा लोकांच्या डोळ्यांसमोर आलेला त्याच्या हयातीतच घडले, ही समाधानाची गोष्ट.

तुकडा केवळ विसर पाडतो असे नाही. तो अन्यायही करतो. १९८६ च्या विश्वमालिकेत सहाव्या सामन्यात बोस्टनच्या बिल बकनरच्या पायांतून एक साधा चेंडू निसटला आणि न्यूयॉर्कचा मेट्स संघ जिंकला. ते दृश्य टेलिव्हिजनवर किती वेळा दाखविले गेले याची गणती नाही. १९१८ पासून विजयाची वाट पाहणाऱ्या बोस्टनने सगळा राग त्या एका माणसावर काढला. परंतु तो संपूर्ण सामना पाहा. दहाव्या पाळीत बोस्टन ५-३ असे पुढे होते, मेट्सचे दोन गडी बाद होते आणि ठाण्यांवर कुणीही नव्हते. तिघांनी लागोपाठ फटके मारले. मग पिचरचा एक चेंडू भलतीकडे गेला आणि बरोबरी झाली. हे सारे बकनरकडे चेंडू येण्यापूर्वीच! शिवाय त्यानंतर सातवा सामना उरला होताच, आणि त्यातही बोस्टनने तीन धावांची आघाडी घालविली. एप्रिल २००८ मध्ये बकनरला हंगामाचा पहिला चेंडू टाकण्यासाठी बोस्टनने मैदानावर बोलावले, तेव्हा प्रेक्षक उभे राहून कितीतरी वेळ टाळ्या वाजवीत होते. त्याला डोळे पुसावे लागले. बावीस वर्षांनी लोकांनी जणू सबंध सामना पाहिला.

मी वर्गात इतिहास शिकवतो. पोरांना सनावळी आणि एकेक नाव पाठ असते. लढाई कशी झाली हे विचारले की गप्प. दोष त्यांचा नाही. आपणच त्यांना शेवटचा तुकडा तेवढा दाखवतो. आणि कधी कधी दाखवायला तुकडाही उरत नाही. १८ जून १९८३ रोजी इंग्लंडात टनब्रिज वेल्स येथे भारताचे पाच गडी अवघ्या सतरा धावांत बाद झाले असता कपिलदेवने नाबाद १७५ धावा केल्या. त्या खेळीचे चित्रणच झाले नाही. आपल्याकडे कुणी क्रॉस्बी नव्हता. ती खेळी आज पाहिलेल्यांच्या सांगण्यात तेवढी उरली आहे.

फोर्ब्झ फील्ड १९७१ मध्ये पाडले गेले. आता तेथे विद्यापीठाच्या इमारती आहेत. जुन्या कुंपणाच्या विटांच्या भिंतीचा एक भाग तेवढा राखलेला आहे. दरवर्षी १३ ऑक्टोबरला दुपारी काही माणसे त्या भिंतीशी जमतात. १९८५ साली एक माणूस एकटाच टेपरेकॉर्डर घेऊन तेथे येऊन बसला होता. पुढे दुसरे येऊ लागले, मग मुलाबाळांना घेऊन येऊ लागले. रेडिओवरचे त्या सामन्याचे वर्णन अथपासून इतिपर्यंत लावतात. ते अशा बेताने सुरू करतात की माझेरोस्कीचा फटका बरोबर तीन छत्तीसला यावा. तो फटका येणार हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरी ते आठव्या पाळीत स्मिथचा चेंडू भिंतीपलीकडे गेला की टाळ्या वाजवतात, आणि नवव्या पाळीत यांकीजनी बरोबरी केली की गप्प होतात. कीर्तनात रामाचा वनवास संपणार हे माहीत असूनही आपल्या आजीचे डोळे भरून येत, तसेच हे.

यंदा आमच्या माळ्यावरून एक पत्र्याची पेटी निघाली. तिच्यात कॅसेटी आहेत, नावे पुसलेल्या. त्यांत आजीचा आवाज नसणार हे मला माहीत आहे. ती कॅसेट मीच पुसली. पण दुसऱ्या कुणाचा असेल. रद्दीवाल्याला मी सांगितले, ही पेटी राहू द्या. दिवाळी झाली की गावातल्या दुरुस्तीवाल्याकडून जुने यंत्र चालू करून घ्यायचे आहे, आणि मग पोरांना भोवती बसवून एकेक कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची आहे. तुमच्याही माळ्यावर अशी पेटी असेल, तर तिला यंदा रद्दीत घालू नका.